मौनातील वाद्ये आणि त्यांचे अभिरक्षक

पादुआचा वाद्यकारागीर बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हा १६८८ साली फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या चाकरीत रुजू झाला, तेव्हा त्याच्याकडे सोपविलेले काम दुहेरी होते: राजपुत्र फेर्दिनांदो याच्यासाठी नवी वाद्ये घडवावयाची आणि वाड्यात जमलेल्या जुन्या वाद्यांची निगा राखावयाची. या चाकरीत असतानाच, आज सारे जग ज्याला पियानो म्हणून ओळखते ते वाद्य त्याच्या हातून जन्मास आले, आणि मेदिचींच्या वाद्यांची जी फर्द १७०० साली तयार झाली तीत त्याचा उल्लेखही आला. फेर्दिनांदो १७१३ मध्ये निवर्तला. त्यानंतर १७१६ मध्ये त्याच्या वडिलांनी, ग्रँड ड्यूक कोसिमो यांनी, क्रिस्तोफोरीला त्या सबंध संग्रहाचा अभिरक्षक नेमले. त्याने १७२० साली बनविलेला पियानो, आज शिल्लक असलेल्या पियानोंत सर्वांत जुना, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयात आहे. परंतु तारांचा कंप उचलून नाद मोठा करणारा जो लाकडी फलक त्या वाद्याच्या पोटात असतो, तो १९३८ साली नव्याने घालण्यात आला. त्याआधीही निरनिराळ्या हातांनी त्यात फेरफार केलेले होते. म्हणजे वाद्य क्रिस्तोफोरीचे खरे, पण त्यातून निघणारा नाद क्रिस्तोफोरीने ऐकला तोच आहे असे कोणालाही शपथेवर सांगता येणार नाही. ज्याने स्वतः एका संग्रहाची राखण केली, त्याच्याच वाद्याच्या वाट्यास हे यावे, यात अभिरक्षकाच्या वृत्तीचा सारा पेच साठविलेला आहे.

वाद्यसंग्रहालयाचा अभिरक्षक म्हणजे कोण, त्याने काय करावयाचे असते, तो या कामात कसा येतो, आणि आपल्या देशात या कामाची स्थिती काय, या प्रश्नांचा एकत्र विचार मराठीत फारसा झालेला नाही. चित्रांचा अभिरक्षक चित्र जपतो आणि ते भिंतीवर टांगले की पाहणाऱ्याला जे मिळावयाचे ते मिळते. नाण्यांचा अभिरक्षक नाणे मखमलीवर ठेवतो आणि त्यावरचा मुद्रालेख वाचून दाखवितो. वाद्याचे तसे नाही. काचेच्या कपाटात ठेवलेली रुद्रवीणा डोळ्यांना सुखविते, तिचे नक्षीकाम पाहून प्रेक्षक धन्य म्हणतो, आणि जिच्यासाठी तिचा अवतार, ती गोष्ट घडल्यावाचूनच तो पुढच्या कपाटाकडे वळतो. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत नगारखान्याची गणना होती आणि तेथेही नगारे, कर्णे, सनया यांचा हिशेब राखणारी माणसे होती. परंतु त्यांचे काम वाद्य दुसऱ्या पहाटे वाजावे एवढ्यासाठी होते, फाटले की कातडे बदलावयाचे आणि फुटले की भांडे नवे आणावयाचे. वाद्य वाजावे म्हणून राखणे आणि वाद्य टिकावे म्हणून राखणे या दोन निरनिराळ्या वृत्ती आहेत. दुसरी वृत्ती गेल्या दीडशे वर्षांची आहे आणि ती पहिलीला अजून पुरती विसरलेली नाही. तिने विसरूही नये, असे माझे मत आहे.

या वृत्तीचा इतिहास पाहू जाता पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की, तीत आलेली बहुतेक थोर माणसे दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेने निघालेली होती. पॅरिसच्या संगीतविद्यालयाचे वाद्यसंग्रहालय १८६४ साली खुले झाले, त्याच्या मुळाशी लुई क्लापिसाँ या संगीतरचनाकाराने हौसेने जमविलेली आणि १८६१ मध्ये सरकारने विकत घेतलेली वाद्ये होती. पहिला अभिरक्षकही तोच. तो १८६६ मध्ये वारला आणि त्याच्या जागी नेमणूक झाली ती एक्तोर बर्लिओझ यांची. वाद्यवृंदातील प्रत्येक वाद्याच्या शक्तीचा ज्याने युरोपात सर्वांत खोल विचार केला होता, तो रचनाकार आयुष्याच्या शेवटच्या तीन वर्षांत जुन्या वाद्यांचा राखणदार झाला. तो तेव्हा थकलेला आणि आजारी होता, आणि या पदावर त्याने काही मोठे काम केल्याचे दिसत नाही. पण जिवंत नादाचा उपासक मूक झालेल्या वाद्यांच्या पहाऱ्यावर बसला, एवढे दृश्यही मनात घर करून राहते.

खरा पाया घातला गेला तो ब्रुसेल्समध्ये, आणि त्या पायात हिंदुस्थानचा दगड आहे. कलकत्त्याच्या पाथुरियाघाटा येथील टागोरांपैकी राजा सौरिंद्रमोहन टागोर यांनी १८७६ मध्ये बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड यास सुमारे शंभर हिंदी वाद्ये नजर केली. आदल्या वर्षीच त्यांनी ‘यंत्रकोश’ हा वाद्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला होता. संगीतज्ञ फेतिस यांचा संग्रह बेल्जमच्या सरकारने १८७२ मध्येच खरेदी केलेला होता. या दोन संग्रहांच्या आधारावर १८७७ मध्ये तेथील संगीतविद्यालयाला जोडून वाद्यसंग्रहालय स्थापन झाले, आणि व्हिक्टर माहियों हे त्याचे पहिले अभिरक्षक झाले. हे गृहस्थ वाद्ये बनविणाऱ्या घरातले. कारखान्यातील धंदा सांभाळून त्यांनी जवळजवळ अर्धे शतक हे पद चालविले. १९२४ मध्ये ते वारले तेव्हा संग्रह साडेतीन हजार नगांच्या पुढे गेला होता, आणि १८८० पासून १९२२ पर्यंत निघत राहिलेली त्याची पाच खंडांची वर्णनात्मक सूची अभ्यासकांच्या हाती होती. जी जुनी वाद्ये मिळणे अशक्य होते त्यांच्या प्रतिकृती त्यांनी करवून घेतल्या. कारागिराचा हात, व्यापाऱ्याची चिकाटी आणि दफ्तरदाराची शिस्त या तीन गोष्टी एका माणसात एकवटल्या म्हणजे अभिरक्षक कसा घडतो, हे पाहावयाचे असेल तर माहियों यांच्याकडे पाहावे.

सूची करावयाची म्हटली की वर्गीकरण आले. माहियों यांनी वाद्यांची विभागणी केली ती कंप पावणाऱ्या द्रव्यावरून: स्वतःच घुमणारी, कातड्याची, वाऱ्याची आणि तारेची. मराठी वाचकाला यात काही नवे वाटणार नाही, कारण तत, अवनद्ध, घन आणि सुषिर ही भरताच्या नाट्यशास्त्रातील चतुर्विध विभागणी आपल्याकडे शाळकरी विद्यार्थीही घोकतो. टागोरांनी ती आपल्या ग्रंथांतून पाश्चात्त्य वाचकांपुढे ठेवलेली होती, आणि टागोरांचीच वाद्ये माहियों यांच्या कपाटांत होती. हे साम्य केवळ योगायोगाचे मानणे कठीण आहे. पुढे एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्त झाक्स या दोघा विद्वानांनी १९१४ मध्ये याच आराखड्याला दशमान अंकांची जोड देऊन तो इतका बारीक केला की आज जगातील कोणत्याही वाद्यसंग्रहालयाची नोंदवही उघडली तरी त्यांचेच आकडे दिसतात.

वर्गीकरणापेक्षाही मला अधिक मोलाची वाटते ती आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या अगदी दाराशी घडलेली आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या काळात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. हा शार्ङ्गदेव पेशाने गवई नव्हता, बीनकार नव्हता. राज्याच्या हिशेबखात्याचा तो मुख्य अधिकारी होता. त्याच्या ग्रंथातील वाद्याध्याय वाचताना ही गोष्ट सारखी आठवत राहते, कारण दांडीची लांबी किती अंगुळे, बासरीच्या दोन छिद्रांमधील अंतर किती, कोणत्या वाद्याला कोणते लाकूड आणि कोणते कातडे, हे तो अशा काटेकोरपणे नमूद करतो की जणू सरकारी जमाखर्चाचीच कीर्द लिहीत आहे. त्याने वर्णिलेली वाद्ये आज कोणत्याही कपाटात नाहीत. लाकूड कुजले, भोपळा फुटला, कातडे उंदरांनी खाल्ले. राहिले ते त्याचे लेखन. अभिरक्षकाच्या कामांत सर्वांत श्रेष्ठ काम कोणते, या प्रश्नाला मी शार्ङ्गदेवाकडे बोट दाखवून उत्तर देईन.

विसाव्या शतकात या वृत्तीला विद्येची प्रतिष्ठा आली ती बव्हंशी निर्वासितांच्या हातून. कुर्त झाक्स मूळचे कलेतिहासाचे अभ्यासक. हिंदुस्थान व इंडोनेशिया येथील वाद्यांवर त्यांनी १९१५ मध्येच ग्रंथ लिहिला होता. पुढे बर्लिनच्या सरकारी वाद्यसंग्रहाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९३३ मध्ये, ज्यू म्हणून, ती काढून घेण्यात आली. पॅरिसमध्ये काही वर्षे काढून ते १९३७ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि तेथे त्यांचा वाद्येतिहासावरील प्रख्यात ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. ज्या संग्रहातून त्यांना घालविण्यात आले त्याचा मोठा भाग महायुद्धात नष्ट झाला. व्हिएन्नाचे इमानुएल विंटरनित्स हे तर कायद्याचे पदवीधर, वकिली करणारे. तेही नाझींच्या भयाने देश सोडून अमेरिकेत आले आणि मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयात १९४२ पासून १९७३ पर्यंत वाद्यांच्या सेवेत राहिले. त्या संग्रहाची कथाही ऐकण्याजोगी आहे. मेरी एलिझाबेथ ब्राउन या गृहिणीने १८८९ पासून वाद्ये देण्यास प्रारंभ केला आणि अखेरीस हा आकडा सुमारे साडेतीन हजारांवर गेला; संग्रहाला नाव मात्र तिने आपल्या पतीचे, क्रॉस्बी ब्राउन यांचे, दिले. जगभरच्या मिशनऱ्यांशी आणि प्रवाशांशी पत्रव्यवहार करून एका स्त्रीने घरबसल्या उभारलेल्या या संग्रहातच क्रिस्तोफोरीचा तो पियानो होता. विंटरनित्स यांनी या मूक संग्रहाला पुन्हा मैफलीत आणले आणि जुनी वाद्ये वाजवून दाखविणारे कार्यक्रम सुरू केले. त्यातून उठलेला वाद अजून शमलेला नाही.

आज या वृत्तीत यावयाचे तर वाट थोडी आखलेली आहे. अमेरिकेत दक्षिण डकोटातील व्हर्मिलियन येथे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संगीत संग्रहालयाने विद्यापीठाच्या सहकार्याने वाद्येतिहासातील पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. स्कॉटलंडात एडिंबरा विद्यापीठाचा संग्रह आणि त्याचे १७६३ सालचे संगीतगृह हे अभ्यासाचे मोठे केंद्र आहे. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, पण वाद्यांचे म्हणून वेगळे शिक्षण तेथे शोधू नये. जागा मात्र सर्वत्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एक अभिरक्षक पंचवीस-तीस वर्षे एका खुर्चीत बसतो आणि तो उठेपर्यंत त्याच्यामागून येणाऱ्याने ग्रंथालयात, अध्यापनात किंवा वाद्यदुरुस्तीच्या कारखान्यात दिवस काढावयाचे असतात. ज्याला लवकर स्थैर्य हवे त्याने या वाटेस न जावे, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

आता कामाकडे वळू. काही वर्षांपूर्वी एका वस्तुसंग्रहालयात (त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) मी एका तंबोऱ्यापुढे बराच वेळ उभा होतो. तारा नव्या पोलादी घातलेल्या होत्या आणि त्याही एकाच जाडीच्या. खर्जाची पितळी तार नव्हतीच. घोडी उलटी बसविलेली. आणि खाली पाटी होती तीवर ‘तंतुवाद्य, लाकूड, एकोणिसावे शतक’ एवढे चार शब्द. तो कोणाचा, कोणत्या गावचा, पुरुषी स्वराचा की बायकी, भोपळा कुठला, घडविणारा कोण, दात्याने तो कोणत्या मैफलीत ऐकला होता, यांपैकी एकाही गोष्टीचा दाखला नाही. चौकशी करता असे कळले की वाद्य आणून देणाऱ्या कुटुंबाने सोबत एक पत्रही दिले होते, आणि ते दफ्तरात सापडत नव्हते. मला त्या दिवशी राग आला नाही, दुःख झाले; कारण वाद्य पुन्हा जुळविता येईल, घोडी सरळ करता येईल, पण ते पत्र गेले ते गेलेच.

चांगली नोंद कशी असते? वाद्य हाती येताच त्याची लांबी, रुंदी, खोली, प्रत्येक पडद्याचे अंतर, तारेची जाडी आणि धातू, लाकडाची जात, जोडकामाची पद्धत, सरसाचे डाग, पूर्वीच्या दुरुस्तीच्या खुणा, बोटांनी झिजलेली जागा, हे सारे टिपले जाते. क्ष-किरणांनी आतील ठिगळे दिसतात. वृक्षाच्या वार्षिक वलयांवरून लाकूड कोणत्या सालानंतर तोडले हे कळते. स्त्रादिवारीचे ‘मसीहा’ म्हणून ओळखले जाणारे व्हायोलिन १७१६ चे की नंतरच्या कोणा नकलाकाराचे, असा वाद १९९० च्या दशकात पेटला होता, तेव्हा त्याच्या पुढच्या फळीवरील वलये मोजण्यात आली आणि ती सतराव्या शतकातील निघाली. वादाचा जोर त्या मोजणीने ओसरला. बोटांनी झिजलेल्या जागेची गोष्ट मी मुद्दाम घातली आहे. दांडीवरची झीज हा वादकाने नकळत लिहिलेला इतिहास असतो. कोणत्या स्वरांवर हात अधिक रेंगाळला हे त्यावरून वाचता येते, आणि दुरुस्ती करणारा उत्साही माणूस पॉलिश करण्याच्या भरात पहिल्या झपाट्यात तोच पुसून टाकतो.

येथे आपण मुख्य वादाशी येतो: वाजवावे की नाही? दोन व्हायोलिने या वादाची दोन टोके दाखवितात. ‘मसीहा’ हे ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन वस्तुसंग्रहालयात हिल घराण्याने दिलेले आहे, आणि ते वाजवावयाचे नाही अशी त्यामागची अट आहे; ते घडविल्या दिवसाइतके कोरे दिसते आणि त्याचा आवाज कोणाच्या कानी पडत नाही. उलट ग्वार्नेरी या कारागिराने १७४३ साली बनविलेले आणि व्हायोलिनवादक पागानिनीने ‘तोफ’ म्हणून नावाजलेले व्हायोलिन त्याने आपल्या जेनोआ शहराला मृत्युपत्राने दिले, ते तेथे कडक पहाऱ्यात असते, तरी निवडक वादकांच्या हाती अजून दिले जाते. वाजविण्याच्या बाजूने सांगतात की, न वाजविलेल्या वाद्याचा आवाज मरगळतो. याचा शास्त्रीय पुरावा डळमळीत आहे, पण वादकांची श्रद्धा अढळ आहे. विरुद्ध पक्ष सांगतो की तार ताणली की लाकडावर ताण आला. शेकडो वर्षे वाळलेल्या लाकडी बासरीत ओलसर उष्ण श्वास शिरला की आतून लाकूड फुगते, बाहेरून फुगत नाही, आणि तडा जातो. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या छत्राखाली १९६० पासून वाद्यसंग्रहालयांची स्वतंत्र समिती आहे. सार्वजनिक संग्रहातील वाद्यांना कोणी, कितपत आणि कशा रीतीने हात लावावा याविषयी तिने १९८५ मध्ये शिफारशी केल्या. कॅनडाचे रॉबर्ट बार्कले यांनी तर एका ग्रंथात या प्रश्नाचा समूळ ऊहापोह करून असे दाखविले आहे की, वाजते करण्यासाठी केलेली प्रत्येक दुरुस्ती काही ना काही पुरावा नष्ट करते, म्हणून कोणते वाद्य वाजावयाचे आणि कोणते कायमचे मौनात राहावयाचे हे आधी ठरवावे आणि मग त्या निर्णयापासून ढळू नये.

माझा कल बार्कले यांच्याकडे आहे. परंतु हिंदी वाद्यांच्या बाबतीत त्यांच्या तत्त्वाला एक अडचण येते आणि तिचा विचार पाश्चात्त्य ग्रंथांत पुरेसा नाही. व्हायोलिन पुष्कळसे जसेच्या तसे राहू शकते. आपला पखवाज घ्या. त्याच्या डाव्या अंगाला वादनापूर्वी ओली कणीक लावतात आणि वादन झाले की ती काढून टाकतात. म्हणजे जे वाद्य पूर्ण आहे ते फक्त मैफलीपुरते पूर्ण आहे, कपाटात ठेवलेला पखवाज नेहमी अर्धाच असतो. तबल्याची पुडी काही वर्षांत बदलते. दोनशे वर्षांचा म्हणून दाखविलेला तबला बहुधा दोनशे वर्षांचे भांडे आणि अलीकडचे कातडे असा असतो. आणि तंबोऱ्याची जवारी! घोडीचा रुंद माथा कानशीने अशा बेताने उतरता करतात की तार त्यावर घासत घासत कंप पावते आणि एका सुरातून स्वरांचे झुंबर उजळते. तारेखाली सुताचा धागा सरकवून ते नेमके जागी आणतात. वाजवून वाजवून माथ्यावर तारेचे चर पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते. आता जुन्या गवयाचा तंबोरा संग्रहालयात आला, तर त्याच्या घोडीवरचे ते चर जपावयाचे की नवी जवारी काढून तो बोलता करावयाचा? जुनी घोडी जपून ठेवावी, तिची मापे आणि छायाचित्रे घ्यावीत, आणि दुसरी घोडी बसवून वाद्य बोलते करावे, असा मध्यम मार्ग मला सुचतो. त्याने पुरावाही राहतो आणि नादही. यासाठी अभिरक्षकाला कारागीर शेजारी हवा.

असा कारागीर आपल्याकडे आहे आणि तो मिरजेत आहे. हत्यारांना धार लावणारी शिकलगारांची कुटुंबे तलवारीचा जमाना सरल्यावर एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली, फरीदसाहेबांपासून ही परंपरा चालू झाली, अशी हकीकत तेथे सांगतात. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे, तुणीचे लाकूड, पिढीजात कान, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकांचा सहवास, यांतून मिरजेचा तंबोरा घडला. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हे सारे ज्ञान मुख्यतः हातांत आणि कानांत आहे, कागदावर फार थोडे.

हवा आणि किडा हे अभिरक्षकाचे दोन नित्याचे शत्रू. आपल्या पावसाळ्यात कातडे सैल पडते, लाकूड फुगते; वैशाखात तेच लाकूड आक्रसून सांधे उघडतात. या चढउतारानेच वाद्याचा नाश होतो, म्हणून दिवसा चालणारे आणि रात्री व सुटीच्या दिवशी बंद होणारे वातानुकूलन हे मुळीच नसण्याहून वाईट. वाळवी, कसर आणि भुंगेरे यांना सुकलेला भोपळा, कातडे आणि सरस ही मेजवानीच. पूर्वी त्यांच्यापासून बचावासाठी सोमलासारखी विषे वापरीत. जुन्या संग्रहांतील सुषिर वाद्य, म्हणूनच, परीक्षा केल्यावाचून कोणीही ओठांना लावू नये. कायद्याचेही भान लागते. दिमडीला आणि गोव्याच्या घुमटाला परंपरेने घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण त्यामुळे जुन्या दिमडीची नोंद आणि तिचा आवाज यांचे मोल वाढले आहे, कारण बोकडाच्या कातड्याची दिमडी निराळी बोलते. हस्तिदंती घोडीचा तंबोरा देशाबाहेर प्रदर्शनास न्यावयाचा तर परवान्यांचे केवढे बाड बरोबर घ्यावे लागते, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

मालकीचा प्रश्न याहून नाजूक आहे. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये एब्रिए लोकांचा जिजी अयोक्वे नावाचा प्रचंड बोलका ढोल १९१६ मध्ये फ्रेंच वसाहती अधिकाऱ्यांनी जप्त केला. संकटाची वर्दी देणारा, गावे एकत्र बोलावणारा हा ढोल पुढे पॅरिसच्या संग्रहालयात जाऊन मुका झाला. तो परत देण्याचा कायदा फ्रेंच संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला. आपल्या घरातही याच जातीचे प्रश्न आहेत. गोंधळ्याचे संबळ, जोगत्याचे चौंडके, वाघ्याची दिमडी ही केवळ वाद्ये नाहीत, त्यांची पूजा होते. ती संग्रहात घेताना देणाऱ्याला विचारावयास हवे की ही कोणी हाताळावी, ही उलटी ठेवली तर चालेल काय, हिच्यावरचा भंडारा पुसावा काय. भंडारा पुसणारा अभिरक्षक मी पाहिलेला आहे. त्याचा हेतू स्वच्छतेचा होता.

आपल्याकडील संग्रहांचा विचार करता पुन्हा व्यक्तीच पुढे येतात. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे, घरच्या चष्म्यांच्या दुकानात बसणारे, १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवू लागले, आणि बाळपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी जो संग्रह उभा केला तो सुमारे वीस हजार वस्तूंवर गेला. त्यात वाद्यांचे एक दालन आहे. सरोदवादिका शरनरानी बाकलीवाल यांनी आयुष्यभर जमविलेली शेकडो वाद्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयास दिली आणि त्यांचे दालन १९८० मध्ये खुले झाले. तेथे वादकाने संग्राहक होणे म्हणजे काय हे पाहावयास मिळते: वाद्याची निवड कानाने केलेली आहे. १९५३ मध्ये कार्यान्वित झालेल्या संगीत नाटक अकादमीनेही दिल्लीत वाद्यांचा संग्रह केला, आणि बी. चैतन्य देव यांनी हिंदी वाद्यांवर लिहिलेले ग्रंथ या क्षेत्रात प्रमाण मानले जातात. आपल्या ग. ह. तारळेकर आणि नलिनी तारळेकर यांनी शिल्पांत कोरलेल्या वाद्यांचा शोध घेऊन १९७२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, तो मला विशेष प्रिय आहे; कारण दगडातील वाद्य हे निदान वाळवी लागणारे नव्हे, आणि त्यावरून नाहीसे झालेल्या वाद्यांची बांधणी अनुमानता येते. बंगळुरात २०१९ मध्ये सुरू झालेल्या संगीत संग्रहालयात ध्वनीला वस्तूइतकेच स्थान दिलेले आहे, ही सुचिन्हे म्हणावयाची.

परंतु डहाणू-जव्हारकडचा तारपा, वारल्यांची घांगळी, डवरी जोग्याची किंगरी, तमाशातले तुणतुणे, यांचा महाराष्ट्राने अजून नीट हिशेब मांडलेला नाही. तारपा भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचा. तो दोन पावसाळेही धड टिकत नाही, आणि तो टिकविण्याचा हट्ट धरणेच चूक. येथे अभिरक्षकाने कपाटाचा नाद सोडून माणसाकडे जावे: बनविणारा कसे बनवितो, मेण कोणते, श्वास न तोडता फुंकण्याची युक्ती तो मुलाला कशी शिकवितो, हे चित्रफितीवर आणि कागदावर उतरवून घ्यावे. क्षणभंगुर वाद्याचे खरे अभिरक्षण ते पुन्हा घडविता येण्यात आहे. शार्ङ्गदेवाने अंगुळे मोजली, आज आपल्याजवळ ध्वनिमुद्रण आहे. साधन सुधारले, मोजणारा मात्र पाहिजे.

मिरजेच्या एका कारागिराजवळ मी एक दुपार बसलो होतो. वय सत्तरीच्या पुढे, मांडीवर तंबोरा आडवा. मी वही काढून विचारले, ‘चाचा, सूत नेमके कुठे ठेवायचे, याचे काही माप आहे का?’ त्यांनी धागा बोटाने किंचित पुढे सारला, तार छेडली, मान हलविली. ‘जास्त आत गेलं की आवाज मिटतो, साहेब. बाहेर राहिलं की कोरडा वाजतो.’ पुन्हा सारला. अजून नाही. मग त्यांनी धाग्याचे टोक माझ्या चिमटीत दिले आणि म्हणाले, ‘आता तुम्ही सरकवा, मी सांगतो.’ माझ्या वहीत त्या दुपारची नोंद आहे ती एवढीच: तारा चार, सुते चार, पांढरे, सुती, खर्जाचे सूत दोनदा हुकले, तिसऱ्यांदा जुळले, मापपट्टीने मोजण्याजोगा फरक आढळला नाही.